तडा निघाला कुठून? फुटलेली काच आणि सिरॅमिक वाचायची रीत

सिरॅमिकचा बार वाकवून तोडायच्या मशीनवर चढवण्याआधी मी त्याला चिकटपट्टीचा एक तुकडा लावते. वरच्या बाजूला, म्हणजे जी दाबली जाणार तिच्यावर, आणि आतल्या दोन रोलरांच्या मधल्या जागेत. बार तुटला की तुकडे टेबलभर उडत नाहीत, पट्टीला लटकून राहतात. खालच्या बाजूला मात्र काहीही लावायचं नाही. ताण तिथे असतो आणि तडा बहुतेक वेळा तिथूनच निघतो.

ही सवय मला पहिल्या वर्षी लागली. ॲल्युमिनाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकचे, ३० बार मी तोडले होते. बहुतेक ३५० मेगापास्कलच्या (हे ताण मोजायचं एकक) आसपास तुटले, दोन मात्र २१० ला. आकडे वहीत लिहिले, ब्रशनं टेबल साफ केलं, तुकडे फेकून दिले. विभागातल्या सरांनी वही पाहिली, त्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे दोन कुठून तुटले?" मला सांगता येईना, आणि शोधायला तुकडेही उरले नव्हते. त्याला २१ वर्षं झाली. तेव्हापासून मी जे शिकले ते या एका प्रश्नाभोवतीच आहे, आणि नव्यानं या कामाला लागलेल्यांसाठी ते इथे लिहिते आहे.

आधी हा प्रश्न का विचारायचा ते पाहू. धातूची पट्टी तुटण्याआधी लांबते, बारीक होते, आपल्याला सावध करते. काच आणि सिरॅमिक तसं करत नाहीत. अणूंमधले बंध तोडायला किती ताण लागेल याचा हिशेब केला तर काचेसाठी तो ७,००० मेगापास्कलच्या घरात जातो. हातातली साधी काच मात्र ३० ते १०० मेगापास्कलला फुटते. हा जवळजवळ शंभरपटीचा फरक कशामुळे, ते ए. ए. ग्रिफिथ या इंग्लिश अभियंत्यानं १९२१ साली छापलेल्या निबंधात उलगडलं. त्यानं काचेचे तंतू ओढून तोडून पाहिले. तंतू जितका बारीक, तितका तो बळकट निघाला. त्यानं काचेच्या पातळ नळ्यांवर आणि फुग्यांवर मुद्दाम चिरा पाडून तेही फोडले. निष्कर्ष असा, की काचेत आधीपासूनच डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि चीर जेवढी खोल तेवढ्या कमी ताणात ती धावत सुटते.

आज आपण हेच एका ओळीत लिहितो: चिवटपणा = आकारगुणक × ताण × √चिरेची खोली. चिवटपणा हा पदार्थाचा गुण, चीर धावू न देण्याचा. सोडा-लाइम काचेचा, म्हणजे खिडक्या-बाटल्यांच्या नेहमीच्या काचेचा, तो सुमारे ०.७५ मेगापास्कल √मीटर असतो, ॲल्युमिनाचा ३ ते ५. पृष्ठभागावरच्या अर्धवर्तुळाकार चिरेसाठी आकारगुणक साधारण १.२६ धरतात. म्हणजे ३५० हा ॲल्युमिनाचा आकडा नव्हताच. तो त्या त्या बारमधल्या सर्वांत वाईट दोषाचा आकडा होता. दोष न पाहता नुसता आकडा लिहिणं म्हणजे अर्धीच नोंद करणं.

शिकायला सुरुवात मात्र सिरॅमिकपासून करू नका. सिरॅमिक अपारदर्शक, दाणेदार, हट्टी असतं. काच घ्या. सूक्ष्मदर्शकाच्या साध्या स्लाइडचा एक डबा पुरतो. ७५ मिलिमीटर लांब, २५ रुंद, १ मिलिमीटर जाड. दोन गोल सळया एकमेकींपासून ५० मिलिमीटरवर समांतर ठेवा, त्यांवर स्लाइड आडवी टाका आणि मधोमध वरून तिसरी सळई ठेवून तिला दोन्ही बाजूंनी दोरी बांधून खाली बादली लटकवा. बादलीत बारीक वाळू सावकाश, एका धारेनं ओतत राहा. सुरक्षाचष्मा हवाच, आणि स्लाइडभोवती पारदर्शक आडोसा हवा. काचेची बारीक कपची डोळ्यात जायला क्षण पुरतो.

ही मापं मी मुद्दाम निवडली आहेत. तीन बिंदूंवर वाकवताना सर्वांत मोठा ताण काढायचं सूत्र आहे ३ × भार × अंतर ÷ (२ × रुंदी × जाडीचा वर्ग). वरची मापं घातली की सगळं छाटलं जाऊन उरतं एवढंच: ताण = ३ × भार. भार न्यूटनमध्ये, ताण मेगापास्कलमध्ये. बादली, दोरी, सळई आणि वाळू मिळून ४ किलोला स्लाइड फुटली तर भार सुमारे ४० न्यूटन, ताण १२० मेगापास्कल. जाडी मात्र खरोखर मोजून घ्या. सूत्रात तिचा वर्ग आहे, तिथली छोटी चूक निकालात दुप्पट होऊन येते.

दहा स्लाइड जशाच्या तशा फोडा. दहांवर मधोमध, रुंदीच्या दिशेनं, हिऱ्याच्या टोकानं एक हलका ओरखडा काढा आणि ओरखड्याची बाजू खाली ठेवून फोडा. आणखी दहांवर तसाच ओरखडा काढून त्यावर पाण्याचा थेंब फिरवा आणि ओल्या असतानाच फोडा. या तीन गठ्ठ्यांत पुढचं सगळं शिकायला मिळतं.

आता तुकडे उचलायचे. मी नवीन मुलांना सर्वांत जास्त वेळा टोकते ते इथेच. दोन तुकडे हातात आले की ते एकमेकांना जुळवून पाहायचा मोह होतो, फुटलेली कपबशी जुळवतो तसा. जुळवू नका. फुटलेले दोन चेहरे घासले की मुळाजवळच, म्हणजे तडा जिथून निघाला तिथेच, नव्या कपच्या निघतात, आणि मग तुम्ही तडा पाहताय की स्वतःची करणी, हे कळेनासं होतं. जुळवायचंच असेल तर कागदावर एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटर दूर मांडा. स्टीलचा चिमटाही फुटलेल्या चेहऱ्याला लावू नका. स्टील सिरॅमिकवर काळसर रेघ सोडतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती रेघ लोखंडाचा कण वाटू शकते. प्लास्टिकची टोकं असलेला चिमटा वापरा किंवा तुकडा कडांना धरा. प्रत्येक तुकडा वेगळ्या कप्प्यात ठेवा, कप्प्यावर क्रमांक लिहा, आणि कोणती बाजू खाली होती ती खूण फोडण्याआधीच पेन्सिलीनं करून ठेवा.

धुण्याची घाई नको. आधी जसा आहे तसा पाहा, फोटो काढा. मुळाशी बसलेली घाण कधीकधी खरी साक्षीदार असते. चिरेत आधीपासून तेल किंवा रंग शिरलेला असेल तर ती चीर चाचणीच्या आधीची होती, हे त्यावरून कळतं. मग ॲसिटोन किंवा अल्कोहोल घालून अल्ट्रासॉनिक भांड्यात धुवा. एका भांड्यात एकच तुकडा. कापसानं किंवा कागदानं पुसू नका, खरखरीत चेहऱ्यावर तंतू अडकून बसतात.

तुकडे मांडले की आधी उघड्या डोळ्यांनी तड्याची वाट पाहा. तडा धावताना फाटे फोडतो, फाटे जोडत नाही. इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार दिसला तर तडा त्याच्या देठाकडून आला. देठ धरून उलटं चालत गेलात की मुळाच्या भागात पोचता. तुकडे किती झाले तेही मोजा. खूप तुकडे म्हणजे फुटण्याच्या क्षणी काचेत खूप ऊर्जा साठली होती, ताण मोठा होता. दोनच तुकडे आणि सरळ रेघ म्हणजे ताण कमी. तापमानाच्या झटक्यानं गेलेला तडा बहुतेक वेळा नागमोडी, रेंगाळत गेलेला दिसतो आणि त्याला फाटे थोडे असतात. ठोकर बसली असेल तर त्या जागी पांढुरका चुरडलेला ठिपका सापडतो. वाकून तुटलेल्या तुकड्यात आणखी एक मोलाची खूण असते. तडा दाबाच्या बाजूशी पोचता पोचता वळतो आणि तिथे ओठासारखी वाकडी कड उरते. ती कड दिसली की दोन गोष्टी पक्क्या होतात: वस्तू वाकत होती, आणि मूळ बरोबर समोरच्या बाजूला आहे.

यानंतर प्रकाश. सूक्ष्मदर्शक किती भारी आहे याला मी कमी महत्त्व देते, दिवा कुठे आहे याला जास्त. १० ते ४० पट मोठं दाखवणारा, दोन डोळ्यांचा साधा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक पुरतो. दिवा मात्र वरून नको. तो जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून, अगदी तिरका पाडा. सूर्य मावळताना सपाट माळावरचे बारीक उंचवटेही लांब सावल्या टाकतात, तसंच इथे होतं. वरून पडणाऱ्या प्रकाशात जे मैदान दिसतं त्यात तिरक्या प्रकाशात कडे आणि घळी उमटतात. तुकडा चिकणमातीच्या गोळ्यावर बसवा आणि दिवा न हलवता तुकडा फिरवत राहा. एका कोनात न दिसलेली रेघ दुसऱ्या कोनात झळकते. एका चेहऱ्याला मी निदान दहा मिनिटं देते.

स्लाइडच्या पहिल्या गठ्ठ्यातला, जास्त भाराला फुटलेला तुकडा घ्या. खालच्या कडेला कुठेतरी एक गुळगुळीत, चकचकीत, साधारण अर्धवर्तुळाकार भाग दिसेल. हा मिरर, आरसा. त्याच्या कडेला तो मंद, धुरकट होतो. ते मिस्ट. त्यापुढे सगळीकडे पसरणाऱ्या खरखरीत रेघा, त्यांना हॅकल म्हणतात. कारण असं, की मुळातून निघताना तडा हळू असतो आणि सपाट जातो. त्याचा वेग वाढत सोडा-लाइम काचेत सेकंदाला सुमारे १,५०० मीटरपर्यंत जातो. त्याहून वेगानं त्याला जाता येत नाही, आणि जादा ऊर्जा तड्याच्या कडेला खरखर उठवण्यात खर्च होऊ लागते. आधी बारीक धुकं, मग रेघा, शेवटी फाटे. हॅकलच्या रेघा तड्याच्या दिशेनं धावतात, म्हणून त्या उलट्या दिशेनं वाढवल्या की एका बिंदूत मिळतात. तो बिंदू आरशाच्या मध्यावर, कडेला टेकलेला असतो. मूळ तिथे.

स्लाइडमध्ये हे मूळ पुष्कळदा खालच्या पृष्ठभागाच्या मधोमध नसून अगदी कोपऱ्यावर, कापलेल्या कडेला सापडेल आणि आरसा अर्धवर्तुळाऐवजी पाव वर्तुळाचा दिसेल. काच कापताना कड सर्वांत जास्त दुखावते, म्हणून. दहातल्या किती स्लाइड कडेवरून गेल्या ते लिहून ठेवा. कडा घासून गोल केल्या तर हा आकडा बदलतो का, तेही करून पाहा.

मिररमध्ये कधी हलक्या वक्र लाटा दिसतात. त्या वॉलनर रेघा, हेल्मुट वॉलनर यांनी १९३९ मध्ये उलगडून सांगितलेल्या. धावणारा तडा आणि त्याच्याच वाटेतल्या खरखरीतून उठलेली ध्वनिलहर एकमेकांना छेदतात तिथे त्या उमटतात. त्यांचा फुगीर भाग साधारण पुढे, तड्याच्या दिशेला असतो आणि पोकळ बाजू मुळाकडे. तड्याच्या वाटेत बुडबुडा आला असेल तर त्याच्या मागे एक शेपटी उमटते, प्रवाहातल्या दगडामागे पाण्याची रेघ पडते तशी. शेपटी ज्या बाजूला, तिकडे तडा गेला. मूळ हरवलेल्या तुकड्यात या शेपट्यांनी मला कितीदा दिशा दाखवली आहे.

आता ओरखड्याच्या गठ्ठ्यातला तुकडा घ्या. इथे नवखा माणूस गोंधळतो, कारण मिस्ट नाही, हॅकल नाही, सगळा चेहरा गुळगुळीत. दिवा चुकलेला नाही. ओरखडा साधारण १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल आणि लांबच लांब असेल तर स्लाइड ४० मेगापास्कलच्या आतच जाते, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. एवढ्या कमी ताणात आरसा जाडीपेक्षा मोठा होतो आणि खरखर सुरू व्हायच्या आधी काच संपते. गुळगुळीत चेहरा हा कमी ताणाचा पुरावा आहे. कुणी फुटलेली काच आणून "प्रचंड भार आला होता" म्हणाला आणि चेहरा या टोकापासून त्या टोकापर्यंत आरशासारखा निघाला, तर भार प्रचंड नव्हता, दोष मोठा होता.

आरसा मोजून ताण काढता येतो, आणि या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. सूत्र: ताण = मिरर स्थिरांक ÷ √आरशाची त्रिज्या. सोडा-लाइम काचेसाठी स्थिरांक १.९ मेगापास्कल √मीटरच्या जवळपास धरता येतो. समजा त्रिज्या ०.२५ मिलिमीटर मोजली. मीटरमध्ये ०.०००२५, वर्गमूळ ०.०१५८, भागाकार १२०. चार किलोच्या बादलीनंही तोच आकडा दिला होता. भार कोणी मोजला नव्हता, साक्षीदार नव्हता, तरी काचेच्या त्या पाव मिलिमीटरनं आपल्यावर किती ताण होता ते सांगितलं. मग पहिल्या सूत्रात १२० घालून चिरेची खोली काढा: ०.७५ ला (१.२६ × १२०) नं भागून त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन. आता सूक्ष्मदर्शकाखाली मुळाशी २५ मायक्रॉनच्या आसपासची चीर शोधा. आरशाची त्रिज्या चिरेच्या साधारण दसपट असते, ही खूणगाठ मनात असली की शोधायचं कुठे आणि केवढं ते कळतं.

मोजताना एक काळजी घ्या. वाकलेल्या पट्टीत ताण पृष्ठभागावर सर्वांत जास्त आणि जाडीच्या मध्याकडे शून्य होत जातो, म्हणून आरसा आतल्या बाजूला ताणला जातो. त्रिज्या पृष्ठभागाच्या कडेनं, मुळाच्या डावीउजवीकडे मोजा आणि सरासरी घ्या. आतल्या दिशेनं मोजू नका. मिस्ट नेमकं कुठे सुरू झालं हे ठरवण्यात दोन माणसांत फरक पडतोच. एकाच बॅचचे सगळे तुकडे एकाच माणसानं, एकाच दिव्यात मोजावेत. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं सी १६७८ हे मानक याच मोजणीसाठी आहे, काम औपचारिक असेल तर त्यातले नियम पाळा.

टफन केलेल्या, म्हणजे तापवून झपकन थंड करून बळकट केलेल्या काचेला हे सूत्र सरळ लावू नका. तिच्या पृष्ठभागात दाब आणि आत ताण आधीच कोंडलेला असतो, आणि आरशातून निघणारा आकडा म्हणजे बाहेरचा आणि आतला ताण मिळून झालेली बेरीज. अशी काच काही कारण नसताना आपोआप फुटली असेल तर मूळ बहुधा जाडीच्या मध्यभागी, ताणाच्या पट्ट्यात सापडतं. दोन मोठे तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे शेजारी, आणि त्यांच्या मधल्या रेघेवर निकेल सल्फाइडचा गोल कण. हा कण काच तापवून झपकन थंड करताना उष्ण अवस्थेतल्या रूपातच अडकतो, पुढे सावकाश रूप बदलतो आणि फुगतो.

ओल्या स्लाइडचा गठ्ठा कोरड्यापेक्षा कमी वाळूत फुटला असेल. पाणी चिरेच्या टोकाशी पोचून सिलिकॉन-ऑक्सिजनचे ताणलेले बंध तोडतं. हवेतली वाफही तेच करते. शेल्डन वीडरहॉर्न यांनी १९६७ मध्ये सोडा-लाइम काचेवर मोजून दाखवलं, की हवेतला ओलावा वाढला की त्याच भाराखाली चीर वेगानं सरकते. याचा आपल्या कामावर सरळ परिणाम होतो. वाळू सावकाश ओतली तर पाण्याला वेळ मिळतो आणि काच लवकर जाते. भाराचा वेग दहापट कमी केला तर सोडा-लाइम काचेची ताकद साधारण आठव्या हिश्शानं उतरते. म्हणून वेग, तापमान, आर्द्रता या तीन गोष्टी प्रत्येक चाचणीच्या ओळीत लिहा. आणि एकदा भार पेलला म्हणून काच कायम पेलेल असं धरू नका. चीर आत सरकत असते.

आता सिरॅमिक. बार ३ × ४ × ४५ मिलिमीटरचे, बाहेरचे रोलर ४० वर, आतले २०, चार बिंदूंचं वाकवणं. कडांना बारीक उतार द्यायला विसरू नका, नाहीतर स्लाइडसारखे सगळे बार कोपऱ्यावरूनच जातील आणि पदार्थाबद्दल काही कळणार नाही. शेवटचं ग्राइंडिंग बारच्या लांबीच्या दिशेनं हवं. ते आडवं झालं असेल तर ग्राइंडिंगच्या चिरा नेमक्या ताणाला आडव्या पडतात आणि ताकद पडते.

इथेही मिरर, मिस्ट, हॅकल आहेत, पण दाण्यांच्या खरखरीत ते बुजतात. बारीक दाण्याच्या सिलिकॉन नायट्राइडमध्ये आरसा छान दिसतो. भरड ॲल्युमिनात नुसता अंदाज येतो. ॲल्युमिनाचा मिरर स्थिरांक दहाच्या आसपास, म्हणजे काचेच्या पाचपट, म्हणून आरसेही मोठे. ३५० ला तुटलेल्या बारमध्ये त्रिज्या पाऊण मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त, आणि २१० ला तुटलेल्यात दोन मिलिमीटरच्या वर, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या बारमध्ये तो जवळजवळ सगळा चेहरा व्यापतो. पांढऱ्या, अर्धपारदर्शक सिरॅमिकमध्ये प्रकाश आत शिरून विखुरतो आणि सगळं दुधाळ दिसतं. दोन उपाय आहेत. फेल्ट टोकाच्या पेननं चेहऱ्यावर हिरवी शाई लावून ती अल्कोहोलनं हलकी धुवा, खाचांत शाई राहते आणि उंचवटे उठून दिसतात. किंवा सोन्याचा पातळ थर चढवून मग साध्या सूक्ष्मदर्शकाखालीच पाहा. सोनं फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी असतं असं समजणारे हा फायदा गमावतात. मुळाशी रसायन तपासायचं असेल तर मात्र एका अर्ध्या तुकड्यावर सोन्याऐवजी कार्बन चढवा, नाहीतर तपासणीच्या आलेखात सोन्याची शिखरं हव्या त्या शिखरांवर पडतात.

एसईएमवर, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर, शेवटी जा. मी पाहते, मुलं फुटलेला बार थेट एसईएममध्ये घालतात, ५,००० पटीवर जातात आणि सुंदर दाण्यांचे फोटो घेऊन येतात. ते दाणे मुळापासून एक मिलिमीटर दूरचे असतात. आधी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मूळ ठरवा, तुकड्याच्या बाजूला खूण करा, मग एसईएममध्ये ३० पटीपासून सुरुवात करून एकाच जागेचे १००, ३००, १,००० असे चढते फोटो घ्या. फोटोंची ही साखळी असली की कुणालाही, तुम्ही दाखवताय ती जागा बारमध्ये कुठे आहे हे कळतं. आणि दोन्ही अर्धे पाहा. एका अर्ध्यात खड्डा दिसतो तेव्हा दुसऱ्यात त्यातून निघालेली गाठ बसलेली असू शकते. एकच अर्धा पाहिलात तर तिला छिद्र म्हणून नोंदवाल.

सापडू शकतात त्या गोष्टी थोड्याच. छिद्र किंवा छिद्रांचा पुंजका. पावडरची न फुटलेली कडक गाठ आणि तिच्याभोवती चंद्रकोरीसारखी फट. परका कण. अवाजवी वाढलेला दाणा. ग्राइंडिंगची चीर. हाताळताना पडलेला ओरखडा. झिर्कोनियात थोडं जपून बोला. तिथे तड्याच्या टोकाशी दाण्यांची स्फटिकरचना बदलते, ते चार-पाच टक्के फुगतात आणि तडा आवळला जातो. गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ मध्ये हे मांडलं. चिवटपणा वाढतो, त्यामुळे त्याच दोषाला जास्त ताण लागतो, आणि काचेवर तयार झालेला अंदाज इथे फसतो.

सापडलेली प्रत्येक गोष्ट हिशेबाशी ताडून पाहा. मुळाजवळ छिद्र दिसलं म्हणून तेच मूळ असं होत नाही, सिरॅमिकमध्ये छिद्रं जागोजागी असतात. तुटण्याचा ताण आणि चिवटपणा घालून दोष केवढा असायला हवा ते काढा. हिशेब १७० मायक्रॉन म्हणतो आणि तुम्ही २० मायक्रॉनच्या छिद्रावर बोट ठेवताय, तर बोट उचला. चिवटपणाचा आकडा व्हिकर्सच्या ठशाच्या (हिऱ्याचं चौकोनी टोक दाबून उमटवलेल्या खुणेच्या) कोपऱ्यांतून निघालेल्या चिरा मोजून काढलेला असेल, तर मी तो या ताळ्यासाठी वापरत नाही. ती पद्धत सोपी आहे, पण चिरेचा आकार आणि ठशाभोवतीचा कोंडलेला ताण यांमुळे तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. नूपचा ठसा (हिऱ्याच्या लांबट टोकाचा) देऊन, ठशाच्या खोलीच्या तीन ते पाच पट थर घासून काढून, मग बार तोडून उरलेली चीर मोजणं हे कष्टाचं आहे, पण तो आकडा टिकतो.

पहिल्या वर्षीची बॅच पुढच्या वर्षी पुन्हा आली. त्याच पावडरची, त्याच दाबाची. या वेळी प्रत्येक बारला पट्टी होती. ३० पैकी तीन बार पुन्हा २०० ते २२० च्या दरम्यान तुटले. हिशेबानं चिरेची त्रिज्या १७५ मायक्रॉनच्या आसपास हवी होती. तिन्ही चेहऱ्यांवर, ताणाच्या कडेला लागून, पावडरची एक गोल गाठ आणि तिच्याभोवती फट सापडली, फटीची त्रिज्या १६० ते १८०. बाकीच्या बारांत मूळ ग्राइंडिंगच्या चिरांशी होतं. पावडर चाळायची जाळी बारीक केली, आणि पुढच्या बॅचमध्ये २५० च्या खाली एकही बार आला नाही. वेगळी भट्टी नाही, वेगळं रसायन नाही.

वाइबुल आलेख, म्हणजे बारांच्या ताकदी किती विखुरल्या आहेत ते दाखवणारा आलेख, काढाल तेव्हा प्रत्येक ठिपक्याशेजारी मुळाचं चिन्ह काढा: गाठीला एक, ग्राइंडिंगला दुसरं. त्या बॅचमध्ये आलेख खालच्या टोकाला वाकला होता. चिन्हं घातल्यावर तो वाकडा एक आलेख दोन सरळ आलेखांत सुटला. दोन वेगळ्या दोषांची बेरीज करून एकच मापांक (आलेखाच्या रेघेचा चढ) काढणं चूक आहे, आणि ३० पेक्षा कमी बारांवर तर तो काढूच नका.

नोंदवहीत मी प्रत्येक बारला एक ओळ देते: क्रमांक, ताण, वेग, आर्द्रता, मुळाचा प्रकार, मुळाची जागा (पृष्ठभाग, कड की आत), मोजलेला आकार, हिशेबाचा आकार, फोटोंचे क्रमांक. प्रकाराच्या रकान्यात काही वेळा "सापडलं नाही" असं लिहावं लागतं. लिहा. सापडलं नाही म्हणून जवळचं छिद्र त्या रकान्यात बसवू नका, आणि त्या बारचे तुकडे वेगळ्या डबीत ठेवा. महिन्याभरानं, तशाच इतर चेहऱ्यांवर नजर तयार झाली की ती डबी पुन्हा उघडा, दिवा तिरका करा आणि तुकडा फिरवायला लागा.